घटपर्णीचे घट वाळले, आता काय करू?

लातुरात बऱ्याच जणांनी हे विचारलंय. पुण्याच्या नर्सरीतून हौसेनं आणलेली घटपर्णी (पानांच्या टोकाला किडे धरणारे घट लागतात ते झाड), येताना सात-आठ घट लोंबत होते, आणि महिन्याभरात सगळे करपले. ‘आपल्या उन्हाला ती टिकायची नाही का?’ तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

टिकते. ऊन सोसत नाही हे खरं, पण आधी पाण्याकडे बघा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो ना, तेच क्षार कुंडीत साठतात आणि मुळं जळतात. या झाडांचं मूळ घर म्हणजे आग्नेय आशियातली पावसाळी जंगलं. आपल्या देशात त्यांची एकच जात रानात आढळते, ती मेघालयात. धो धो पावसानं धुतलेल्या निकस मातीत वाढणारं झाड ते. मातीत नत्र मिळत नाही म्हणून तर ते किडे धरतं. त्याला क्षारांची सवय कुठून असणार?

म्हणून पावसाचं पाणी साठवा. गच्चीवरचा पहिला पाऊस वाहून जाऊ द्या, मग ड्रम भरा आणि झाकून ठेवा. ते संपलं की आरओचं पाणी चालतं; टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पन्नासच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. जारचं पाणी मीटरनं तपासल्याशिवाय घालू नका. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या गावात कुंडीसाठी पाणी राखून ठेवणं मलाही सोपं वाटत नाही. पण एका झाडाला लागतं ते फार थोडं.

आजारी झाड आधी कुंडीतून काढा. मुळं काळी दिसली म्हणून घाबरू नका, या झाडाची मुळं मुळातच काळपट आणि बारीक असतात. दाबल्यावर लिबलिबीत लागली, वास आला, तरच कुजली समजा आणि तेवढीच कापा. बागेची माती, शेणखत काही नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि परलाइट (कुंडीत घालायचे पांढरे, हलके खडे) घ्या. सोडण चांगल्या पाण्यात भिजवून पुन्हा पुन्हा धुवा, त्यातही मीठ असतं. पाणी वरून घालायचं, खालच्या ताटलीत साचू द्यायचं नाही.

जागा पूर्वेच्या खिडकीची. सकाळचं कोवळं ऊन पुरे. एप्रिल-मे मध्ये कूलर चालतो त्या खोलीत ठेवा, तिथली हवा दमट असते. फक्त झोत थेट अंगावर नको.

वाळलेला घट पुन्हा हिरवा होत नाही, त्याची वाट बघू नका. पूर्ण वाळला की कापा, पण त्यामागचं हिरवं पान राहू द्या, झाड त्याच्यावरच जगतं. लक्ष नव्या पानाकडे हवं. पानाच्या टोकातून तणावा निघतो आणि त्याच्या शेवटी इवलासा कोंब असतो. तोच फुगून घट होतो. कोरड्या हवेत तो फुगण्याआधीच सुकतो. म्हणून उन्हाळ्यात नुसती पानं येत राहिली तरी निराश होऊ नका. पाऊस सुरू होऊन हवा ओलावली की बहुतेक वेळा तणावे धरतात. मला तर पहिल्या घटाचं झाकण उघडताना बघायला अजूनही तितकाच आनंद होतो.

किडे, मटणाचे तुकडे घटात घालू नका. अशक्त झाडाचा घट त्यानं सडतो. आणि शेंडा सुकला तरी लगेच फेकू नका. बुडाशी खोड हिरवं असेल तर तिथून फुटवा येतो. महिना-दोन महिने थांबा. तरी काही कळेना झालं, तर कुंडी माझ्याकडे घेऊन या.