सतराव्या किलोमीटरची बाटली

शनिवार, रात्र

साडेनऊ वाजलेत. उद्या ट्रायथलॉन. सायकल संध्याकाळीच ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल आणि मग पळायचे बूट घ्यायच्या जागेत, लावून आले. लावताना बॉटल केज, म्हणजे बाटली अडकवायची चौकट, जरा हलतेय असं वाटलं, पण अ‍ॅलन की पिशवीच्या तळाशी आणि माझ्या मागे माणसं खोळंबलेली. सकाळी बघते.

1.9 किलोमीटर पोहणं, 90 सायकल, 21.1 पळणं. सगळे सरसकट याला हाफ आयर्नमॅन म्हणतात. बेरीज 113. आधी दोनदा ऑलिम्पिक अंतर केलंय, म्हणजे दीड, चाळीस आणि दहा. ते साडेतीन तासांत उरकतं. तेवढ्या वेळात खाण्यापिण्याची चूक झाली तरी निभावून नेता येते. उद्या निदान सात तास लागतील. कटऑफ साडेआठ तासांचा, त्यापुढे गेलं की बाद.

लेक विचारत होती, "आई, तू सगळ्यात शेवटी आलीस तर?" म्हटलं, शेवटची का होईना, येईन तरी. तिला ते काही पटलं नाही.

भीती फक्त पाण्याची आहे. सायकलचं काही नाही, ती माझी हक्काची.

सोमवार, दुपार

जिना उलटा उतरतेय, कठडा धरून, मागे बघत. चढायला त्रास नाही, उतरायलाच आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो आणि कालपासून त्याने त्याला साफ नकार दिलाय.

क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन.

पाणी 27 अंश, एवढ्या कोमट पाण्यात वेटसूट, म्हणजे तरंगायला मदत करणारा रबरी पोशाख, घालू देत नाहीत. पाच-पाच जणांना सोडत होते. पहिल्या दीडशे मीटरांतच कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली, डावी काच पाण्याने भरली आणि छाती आवळून आली. श्वास घेतेय, घेतेय, पण आत काही जातच नाही. सर गेले सहा महिने कानीकपाळी ओरडतायत, "श्वास घ्यायचं बघू नकोस, सोडायचं बघ." भीतीत आपण श्वास धरून ठेवतो, फुप्फुसं आधीच भरलेली असतात, मग नवी हवा जाणार कुठे? उताणी झाले. गॉगल रिकामा केला. तोंडाने फूऽऽ करत दहा श्वास सोडले. बाजूने हात-पाय सपासप वाजत पुढे जात होते, त्यांना जाऊ दिलं.

त्यानंतरचं पोहणं आवडलं, हे लिहायला मलाच नवल वाटतंय. दर आठ हातांनी मान वर, नारिंगी बोया दिसतो का बघायचं, पुन्हा खाली. परतीला सूर्य थेट डोळ्यांत येत होता, बोया दिसेना, मग पुढच्याच्या पायांचे बुडबुडे धरले. तो वाट चुकला असता तर मीही चुकले असते. 48 मिनिटं. जिची रात्रभर धास्ती घेतली ती गोष्ट अशी संपली.

ट्रान्झिशनमध्ये सात मिनिटं काढली. तीन मिनिटांत निघणारी माणसं असतात. मी टॉवेलवर बसून पायाच्या बोटांमधली रेती एकेका बोटाने पुसली, ओल्या पायांवर अडकणारे मोजे गुडघ्यात मान घालून ओढले, हेल्मेटचा बक्कल लावलाय ना हे दोनदा चाचपलं. बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात लावला तर दंड. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतेय.

आता बाटली.

माझं सायकलवरचं सगळं जेवण एका बाटलीत होतं. तासाला 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट, तीन तासांचे 180, पाकासारखं दाट कालवलेलं. माल्टोडेक्स्ट्रिन दोन भाग, फ्रुक्टोज एक भाग. माल्टोडेक्स्ट्रिनचं पोटात ग्लुकोजच होतं आणि आतड्यातून ग्लुकोजला शिरायचा दरवाजा एक, फ्रुक्टोजला दुसरा. एकाच दारावर गर्दी झाली की पोट बिघडतं, म्हणून दोन्ही. ही विद्या मी चार महिने स्वतःच्या पोटावर शिकले होते. लांब राइडला हेच प्यायले, एकदा मळमळलं, प्रमाण बदललं, मग बसलं. दुसऱ्या केजमध्ये साधं पाणी आणि नळीवरच्या छोट्या पिशवीत तीन जेल, म्हणजे दाट साखरेच्या पुड्या, अडीअडचणीला.

सतराव्या किलोमीटरला उताराच्या तळाशी रस्ता उखडलेला होता. दोन हादरे बसले. मागे ठक् असा आवाज आला आणि काहीतरी घरंगळत गेलं. वळून पाहिलं तर माझी निळी बाटली कडेच्या पांढऱ्या पट्टीवर आडवी, फुटलेली नाही, झाकणसुद्धा जागेवर. चाळीस मीटर असेल. ब्रेक लावायचा, उतरायचं, कडेने चालत जायचं, आणायचं. एक मिनिट. फार तर दीड.

मी थांबले नाही.

का नाही, ते त्या क्षणी अगदी पटण्यासारखं होतं. सरासरी ताशी 28 किलोमीटरची पडत होती, ठरवलेल्या 26 पेक्षा जास्त. आत्ताच एका घोळक्याला ओलांडलं होतं. पुढच्या सायकलपासून 12 मीटर अंतर ठेवायचा नियम असतो, म्हणजे कुणाच्या आडोशाने वारा चुकवता येत नाही; थांबले तर तेच सगळे पुन्हा पुढे जाणार आणि पुन्हा एकेकाला ओलांडत बसावं लागणार. शिवाय तीन जेल आहेतच की. खरं तर नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेर काही टाकलं तरी दंड होतो, म्हणजे थांबून उचलणं हाच नियमही होता. हे आत्ता आठवतंय. तेव्हा डोक्यात फक्त 28 होतं.

तीन जेल म्हणजे 75 ग्रॅम. हवे होते 180. एड स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या टेबलांवर, आयोजकांचं एनर्जी ड्रिंक मिळत होतं. एक घेतलं, चार घोटांत पोट ढवळलं. चालत्या शर्यतीत नवीन काही चाखू नये हे सगळ्यांना पाठ असतं, मलाही होतं. मग नुसतं पाणी. साठ किलोमीटरपर्यंत काही जाणवलंही नाही आणि खरा धोका तिथेच असतो. शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, त्यावर दोन-तीन तास आरामात निघतात. तोवर आपल्याला वाटतं, आपण दणकट आहोत. सत्तरनंतर गाणं गुणगुणायचं थांबलं, ऐंशीनंतर समोरच्या वाऱ्याचा वैयक्तिक राग यायला लागला. 3 तास 26 मिनिटं. सायकल लावली, बूट बदलले, निघाले.

पळण्याचा पहिला किलोमीटर 6 मिनिटं 10 सेकंदांत. सायकलवरून उतरल्यावर पाय पॅडलच्याच ठेक्यात पडतात, आपण सावकाश चाललोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात आपण उधळलेलो असतो. ब्रिकच्या सरावात, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच पळायच्या, हे दहादा अनुभवलंय. तरीही. चौथ्या किलोमीटरला सात मिनिटं, सातव्याला आठ. सात किलोमीटरच्या तीन फेऱ्या होत्या, प्रत्येक फेरीला मनगटात एक रबर मिळायचं. पहिलं रबर घालून घेताना हात थरथरला. लेक वळणावर उभी होती.

"आई, तू चालतेस का पळतेस?"

तिला खरंच कळत नव्हतं. मलाही नीट सांगता आलं नसतं.

तेराव्या किलोमीटरला मी 21 मधून 13 वजा करायला घेतले आणि जमेना. चेष्टा नाही. 21 डोळ्यांसमोर होते, 13 होते, पण मध्ये काय करायचं ते निसटून जात होतं. मेंदूला साखर कमी पडली की असं होतं, हे वाचलेलं होतं. स्वतःवर आलं तेव्हा वाटलं, मी आता अशीच राहणार. कडेच्या दगडावर बसले. ऊन होतं आणि दंडावर काटा आला होता.

शेजारून एक पिंढरी गेली. तिच्यावर मार्करने 62 लिहिलेलं. आधी वाटलं स्पर्धक नंबर असेल, मग लक्षात आलं, वय. ते काका चार पावलं पुढे जाऊन परत आले.

"काय खाल्लंय?"

"बाटली पडली," मी म्हटलं. चार-साडेचार तासांपूर्वीची गोष्ट, जणू आत्ताच पडली.

"उठा. पुढच्या टेबलापर्यंत चालत. पळायचं नाही. तिथे कोला घ्या, गार नसला तरी घ्या."

त्यांनी मला घेऊन चालायला सुरुवात केली, स्वतःचा वेळ घालवून. मला ती निळी बाटली आठवली आणि जे वाटलं त्याला लाज हा शब्द पुरेल.

कोला कोमट होता, गॅस गेलेला. दोन पेले प्यायले. काका म्हणाले, "आता येतं बघा," आणि निघून गेले. पुढे ते दिसले नाहीत. दहा मिनिटांत खरंच आलं. पाय तसेच लाकडी, पण डोक्यात कुणीतरी दिवा लावला. एकवीस वजा पंधरा, सहा. प्रत्येक टेबलावर कोला, एका टेबलापासून दुसऱ्यापर्यंत थोडं पळायचं, थोडं चालायचं. तेव्हा आयर्नमॅनची 1978 ची पहिली शर्यत आठवली, हवाईच्या ओआहू बेटावरची, पूर्ण अंतराची. पंधरा जण उभे राहिले, बारा पोहोचले. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या सोबत्यांजवळचं पाणी संपलं, तर त्यांनी त्याला बिअर पाजली. त्या मानाने कोमट कोला म्हणजे राजेशाही थाट. एकटीच हसले.

पळणं 2 तास 58 मिनिटं. एकूण 7 तास 24. गळ्यात मेडल घातलं तेव्हा रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मला फक्त काहीतरी खारट हवं होतं. चेहऱ्यावर मिठाचा पांढरा थर होता, ओठ चाटत उभी राहिले. 62 ला शोधलं, सापडले नाहीत.

त्या एका मिनिटाने निदान अर्धा तास खाल्ला. पण अर्ध्या तासाचं मला तितकं वाटत नाही. रेती पुसायला माझ्याकडे सात मिनिटं होती आणि जेवण उचलायला एक नव्हतं, ते जास्त टोचतंय.

गुरुवार, सकाळ

जिना सरळ उतरले. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, जाणार बहुतेक. दंडावरचा नंबर साबणाला दाद देत नाहीये. लेक म्हणते राहू दे, शाळेत दाखवायला ये.

सायकल आज उघडली. शनिवारचं पान आत्ताच वाचलं, म्हणून थेट बॉटल केज धरून हलवली. टकटक वाजली. दोन्ही स्क्रू हाताने फिरले.

अ‍ॅलन की पिशवीच्या तळाशीच होती. दोन्ही मिळून अर्धं मिनिट लागलं.