क्लीव्हलँडचा त्यागराज उत्सव: मराठी श्रोत्याने जावं कसं, ऐकावं काय

कर्नाटक संगीताचा उत्तर अमेरिकेतला सगळ्यात नावाजलेला उत्सव न्यूयॉर्कला किंवा शिकागोला भरत नाही, ओहायोतल्या क्लीव्हलँडला भरतो. १९७८ साली तिथल्या हौशी मंडळींनी एका चर्चच्या तळघरात त्यागराज या कर्नाटक संगीतातल्या थोर संतकवीची आराधना, म्हणजे त्यांच्या स्मरणाचा संगीतोत्सव, केली. व्ही. व्ही. सुंदरम आणि आर. बालसुब्रमण्यम ही त्यातली दोन ठळक नावं. तो उत्सव पुढे क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीत गेला आणि वाढत वाढत दहा-बारा दिवसांचा झाला. दरवर्षी ईस्टरच्या सुमारास चेन्नईचे नामवंत गायक-वादक इथे येतात आणि अमेरिका-कॅनडातून शेकडो मुलं स्पर्धेला येतात.

माझे कान सवाई गंधर्वच्या मांडवात घडलेले, त्यामुळे आपल्याला तिथे काय कळणार, ही शंका होतीच. जाऊन आल्यावर माझं ठाम मत झालंय की हिंदुस्थानी ऐकणाऱ्या मराठी माणसाने हा उत्सव एकदा तरी गाठावा. आपण तिथे तितके परके नसतो. त्यागराजांचा काळ १७६७ ते १८४७. तंजावरला तेव्हा व्यंकोजीराजांच्या वंशजांची गादी होती. म्हणजे या संतकवीचं जवळजवळ सगळं आयुष्य तंजावरच्या मराठी राजांच्या काळात, जवळच्याच कावेरीकाठच्या तिरुवैयारूला गेलं. सरफोजीराजांनी नजराणा पाठवून त्यांना दरबारी बोलावलं आणि त्यांनी तो परत पाठवला, अशी आख्यायिका आहे. धनात सुख आहे की रामाच्या सेवेत, असं विचारणारी त्यांची कल्याणी रागातली रचना त्या प्रसंगाशी जोडतात. कल्याणी म्हणजे आपला यमन. भोसल्यांच्या राजाला दिलेला नकार क्लीव्हलँडमध्ये बसून यमनाच्या सुरांत ऐकताना मला फार भरून आलं.

आता जाण्याचं. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे उत्सवाचं वेळापत्रक हिवाळ्यातच त्यांच्या संकेतस्थळावर बघायला लागा. सगळे दिवस जमणं कठीण. जमेल त्यांनी पहिला शनिवार-रविवार धरावा, कारण पंचरत्न कृतींचं, म्हणजे त्यागराजांच्या पाच प्रसिद्ध रचनांचं, समूहगान सुरुवातीलाच असतं. पिट्सबर्ग किंवा कोलंबसहून गाडीने दोन-सव्वादोन तास लागतात, शिकागोहून साडेपाच-सहा. विमानाने आलात तर भाड्याच्या गाडीची गरज नाही. विमानतळातूनच रेड लाइनची गाडी मिळते, ती टॉवर सिटीला सोडते. तिथे वर आलं की पब्लिक स्क्वेअर, आणि तिथून युक्लिड अव्हेन्यूने जाणारी हेल्थलाइन बस थेट विद्यापीठापाशी नेते. एका फेरीचे अडीच डॉलर पडतात, दिवसभराचा पास पाच डॉलरला. दोनापेक्षा जास्त फेऱ्या होणारच, तेव्हा पासच काढा. हॉटेल युक्लिड अव्हेन्यूच्या आसपास घ्या. रात्रीची मैफल लांबली तरी परतायचा घोर राहत नाही.

एप्रिल असला तरी जाड जॅकेट न्याच. एरी सरोवर शेजारी आहे. सकाळी ऊन आणि दुपारी बर्फाची भुरभुर असं मी एकाच दिवशी पाहिलं. सभागृहातही गारवा असतो, शाल जवळ असू द्या.

पंचरत्नांचं समूहगान ही या सगळ्या सोहळ्यातली खरी पर्वणी. रंगमंचावर त्यागराजांची प्रतिमा, फुलं, दिवे, आणि समोर मांडी घालून बसलेले गायक, व्हायोलिन, वीणा, मृदंगम. ज्यांना एरवी तिकीट काढून ऐकायचं ते कलाकार आणि न्यू जर्सीहून आलेली आठवीतली मुलगी एकाच रांगेत बसून तीच ओळ गातात. नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री असा रागांचा ठरलेला क्रम, आणि पाचही कृती आदितालात. पहिली संस्कृतात आहे, बाकीच्या तेलुगूत. तासभर तरी हे गाणं चालतं आणि सभागृहातही निम्मे लोक पुस्तिका किंवा फोन समोर धरून गात असतात. माझ्या शेजारच्या मामींनी आपली पुस्तिका माझ्याकडे सरकवली आणि आम्ही कुठे आहोत ते बोटाने दाखवत राहिल्या. वराळीतली कृती गुरूने समोर बसवून शिकवू नये, शिष्याने ती ऐकूनच उचलावी, असा एक संकेत आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

जाण्यापूर्वी पाचांपैकी किमान एक कृती नीट ऐकून, शब्द वाचून जा. मी श्री रागातली शेवटची निवडली. थोर महानुभावांना वंदन करणारी ती रचना सगळं सभागृह एकदम उचलतं, तेव्हा आपल्यालाही चार ओळी गाता आल्या की त्या दिवसाचा आनंद वेगळाच होतो.

रागांच्या नावांवर मात्र विसंबू नका. आपला श्री राग मनात धरून गेलात तर गोंधळ उडेल. तिथल्या श्रीत कोमल रिषभ नाही, तीव्र मध्यमही नाही, तो आपल्या काफीच्या घराजवळचा आहे. तिथला तोडी म्हणजे आपल्या भैरवी थाटाचे सूर, आणि आपल्या तोडीचे सूर शुभपंतुवराळीत सापडतात. हिंदोळम् ऐकलं की आपल्याला मालकंस ओळखू येतो, मोहनम् ऐकलं की भूप. एवढी चार-पाच नावं पाठ असली तरी पहिल्या अर्ध्या तासात बुजल्यासारखं होत नाही. आणि सुरांवर आंदोलनं घेण्याची त्यांची पद्धत, गमकं, ही नावांपलीकडची गोष्ट. तिला कान सरावायला दोन मैफली द्याव्या लागतात.

ताल शिकायचा तर पुढच्या रांगेतल्या मुलांचे हात बघा. आमच्या पुढे नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. मांडीवर एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. या आठ मात्रा म्हणजे आदिताल. गायिका कल्पनास्वरांत, म्हणजे ऐनवेळी रचलेल्या सरगमीत, कुठेही गेली तरी त्या मुलीची करंगळी चुकली नाही. आपल्याकडे ठेका तबलजी धरतो आणि आपण समेला मान हलवतो. इथे अख्खं सभागृह ताल स्वतःच्या हातावर मोजत असतं. मीही मोजायला लागले आणि मृदंगमचं वाजवणं पहिल्यांदा खरं उमगलं.

म्हणूनच एक कळकळीची विनंती. मुख्य रचनेनंतर तालवाद्यांचं ‘तनी आवर्तनम्’ सुरू झालं की बरेच श्रोते कॉफीला उठतात. तुम्ही उठू नका. मृदंगम आणि घटम (मातीचा घडा) किंवा खंजिरा (छोटी डफली) यांच्यातली देवघेव, हळूहळू आखूड होत जाणारे तुकडे आणि शेवटी दोघांनी मिळून गाठलेला मोहरा, हे तबला ऐकणाऱ्या माणसासाठी सोनं आहे. कॉफी नंतरही मिळते.

मोठ्या नावांच्या संध्याकाळच्या मैफलींची तिकिटं लोक आधी काढतात आणि दिवसा शहर बघत हिंडतात. माझं सांगणं उलट आहे: दिवसाच्या स्पर्धा आणि विद्यार्थ्यांचे कार्यक्रम चुकवू नका. अमेरिकेत जन्मलेली ही मुलं घरी इंग्रजीत बोलतात, यातल्या कित्येकांना तेलुगू समजतही नाही, तरी एकेका उच्चारासाठी आई कॉरिडॉरमध्ये उभी राहून घोकून घेते. आदल्या वर्षभर आठवड्याला ऑनलाइन तालीम झालेली असते, गुरू चेन्नईला आणि शिष्य डॅलसला. एक मुलगा परीक्षकांसमोर आलापना करताना अडखळला, थांबला, तंबोऱ्यात पुन्हा षड्ज शोधला आणि पहिल्यापेक्षा शांतपणे सुरू झाला. परदेशात कला कशी टिकते हे मला त्या खोलीत दिसलं. आपल्या मंडळांत मुलांना गणपतीत दोन गाणी बसवून देतो, ते गोडच असतं, पण वर्षभराची बैठक ही निराळी गोष्ट आहे आणि ती आपणही उभी करू शकतो. मुलं घेऊन जाणार असाल तर त्यांना या खोल्यांत आवर्जून बसवा. मोठ्यांच्या तीन तासांच्या मैफलीपेक्षा आपल्या वयाचं कुणी गाताना ऐकलेलं त्यांच्या लक्षात राहतं.

मैफलीच्या शेवटी छोट्या रचना येतात आणि तिथे बरेचदा अभंग असतो. तंजावरच्या मराठी कीर्तनकारांमुळे ही वाट जुनीच आहे. मी ऐकला त्या अभंगात गायिकेचा ‘ळ’ आपल्याइतकाच ठसठशीत होता. तमिळभाषकांना तो घरचाच. ‘विठ्ठल’ आल्याबरोबर सभागृहाने टाळ्यांचा ठेका धरला. मामींनी मला अर्थ विचारला आणि मंगलम्, म्हणजे समारोपाची रचना, होईपर्यंत मी त्यांना ओळ न् ओळ सांगत होते.

एक सकाळ कलासंग्रहालयासाठी राखून ठेवा. हेल्थलाइननेच युनिव्हर्सिटी सर्कलला उतरा. क्लीव्हलँड म्युझियम ऑफ आर्टच्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. सोमवारी मात्र बंद. तिथे चोळकालीन ब्राँझचा नटराज आहे. आदल्या रात्री भरतनाट्यम पाहिलं असेल तर उचललेल्या पायाचा तोल आणि मोकळा हात बघताना पाय तिथून निघत नाही. भरतनाट्यमच्या आजच्या कार्यक्रमाचा क्रम ज्यांनी बांधला ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊही तंजावरच्या मराठी दरबारातलेच.

जेवणाची काळजी नको. उत्सवाच्या जागीच सांबारभात, दहीभात, इडली असं शाकाहारी जेवण मिळालं आणि वाढणारे बहुतेक स्वयंसेवक होते. पथ्य असेल किंवा लहान मूल बरोबर असेल तर खाऊ जवळ ठेवा, कारण दोन कार्यक्रमांमधला वेळ कधी कधी फार थोडा मिळतो. क्लीव्हलँडजवळच्या पार्मा गावातल्या शिवविष्णु मंदिरात जायचं असेल तर गाडीची सोय लागेल. तिकिटावरचं सभागृहाचं नाव नीट वाचा, सगळे कार्यक्रम एकाच ठिकाणी असतीलच असं नाही. आणि परतीचं विमान रविवारी संध्याकाळचं घेऊ नका, सोमवारी सकाळचं घ्या. नाहीतर नेमका मुख्य राग उलगडत असताना उठायची वेळ येते.