सारसोळ्याच्या क्रॉसिंगवर

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवरच्या सायकल शर्यतीचा निकाल लागला. माझ्या नावापुढे डीएनएफ आहे, म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही. मी ती पूर्ण केली. किल्ले जंक्शनच्या कमानीखालून मी गेले तेव्हा चिपवरून वेळ टिपणारी मॅट गुंडाळून टेम्पोत चढली होती, म्हणून माझ्या चिपची नोंद झाली नाही. त्याचं भांडण आयोजकांशी चालू आहे. इथे लिहायचंय ते सारसोळ्याच्या क्रॉसिंगबद्दल.

पण आधी डेंग्यू. पावसाळा संपता संपता मला तो झाला. ज्यांना झालेला नाही त्यांना वाटतं, ताप उतरला आणि प्लेटलेट वर आल्या की सुटलो. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या पुढे असतात, माझ्या अडतीस हजारांवर आल्या होत्या. नातेवाईक किवी आणि ड्रॅगनफ्रूट घेऊन येत होते, शेजारच्या वहिनी रोज सकाळी पपईच्या पानांचा रस आणून समोर उभ्या राहायच्या. इतक्या मायेने आणलेला, की कडूजहर असूनही नाही म्हणवेना. प्लेटलेट वाढल्या त्या आपल्या वेळेने. मागे राहिला तो थकवा. आंघोळ करून आलं की पलंगावर बसावंसं वाटायचं. अंगदुखीवर आम्हा सायकलवाल्यांच्या पिशवीत कायम असते ती आयब्युप्रोफेन डेंग्यूत चालत नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल घ्यायची आणि गप पडून राहायचं.

पुन्हा सायकल काढली तेव्हा ठाण्यात उपवनहून येऊरचा चढ निम्म्यावर सोडून परतले. वर्षानुवर्षं रविवारी गप्पा मारत चढलेला रस्ता. सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजायची मला सवय आहे. आजारापूर्वी पंचावन्न-छप्पन असायची, ती पंचाहत्तरच्या खाली यायला तयार नव्हती. शर्यतीचं नाव आधीच नोंदवलेलं होतं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो चांगला आला, तोवर नाडीही बरीच खाली आली होती. मग त्यांनी अट घातली: ठोके दीडशेच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, छातीत काही वाटलं किंवा चक्कर आली तर तिथेच उतरायचं. कुणी मला विचारलं की आजारातून उठल्यावर शर्यत करावी का, तर मी एवढंच सांगेन की हे डॉक्टरांना विचारा आणि ते आकडा देतील तो पाळा. ‘मनात असलं की होतं’ म्हणणारे लोक मला या काळात फार भेटले आणि त्यांचा मला फार राग आला. मन माझं पहिल्या दिवसापासून तयार होतं.

पहाटे चारला ठाण्यातून निघालो, ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रस्त्याने. नवरा गाडी चालवत होता, सायकल मागे.

शर्यत किल्ले जंक्शनपासून सानपाड्याच्या मोराज सर्कलपर्यंत आणि परत, अशा तीन फेऱ्या. सायकलिंगसाठी मुंबई परिसरात याहून चांगला रस्ता मला माहीत नाही: सपाट, सरळ, एका बाजूला इमारती आणि दुसऱ्या बाजूला तिवरं. त्या तिवरांपलीकडे ठाण्याची खाडी. २०२२ साली तिला पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जागा मिळाली. हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, पण सायकलवरून बहुतेक जागी खाडी दिसतच नाही. ओहोटी असली की चिखलाचा वास तेवढा येतो.

सुरुवात झाली आणि पहिले काही किलोमीटर मी बंचमध्ये, म्हणजे घोळक्यात होते. पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतर ठेवून बसलं की वारा तो खातो आणि आपण जवळपास फुकट जातो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, त्यामुळे घोळक्यात राहणं ही रस्त्यावरच्या शर्यतीतली अर्धी विद्या आहे. नेरूळ ओलांडताना पुढच्यांनी वेग वाढवला. घड्याळात ठोके १४८, मग १५१. मी पाय सैल सोडले. समोरच्या चाकाशी वीतभराचं अंतर हातभर झालं, मग सायकलभर, आणि मग वारा थेट छातीवर आला. पुढे सगळ्यांचे लाल दिवे लांब लांब जाताना दिसत होते. धट्टीकट्टी असताना मी त्या घोळक्याला कधी सोडलं नव्हतं. त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवणार नाही.

आता क्रॉसिंग. सारसोळे हे नेरूळमधलं जुनं गाव, आगरी-कोळ्यांचं. गाव रस्त्याच्या एका बाजूला आणि जेट्टी दुसऱ्या बाजूला. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं, आणि पाम बीच रोड गावाच्या आणि खाडीच्या मधून गेला. मासेमारी अजून चालते. म्हणजे माल घेऊन घरी किंवा बाजारात जायचं तर आमच्यासाठी बंद केलेला हाच रस्ता ओलांडायचा. दुसऱ्या फेरीत मी तिथून गेले तेव्हा दोरीच्या मागे पाच-सहा माणसं उभी होती. सगळ्यात पुढे एक म्हातारी, नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट कसलेली, पायांवर चिखल वाळून पांढरा झालेला. तिसऱ्या फेरीत परतताना ती तिथेच होती.

त्या फेरीत माझ्या मागे कुणीही उरलं नव्हतं. रस्ता आठपर्यंत बंद राहील असं आयोजकांनी लेखी कळवलं होतं, साडेसात वाजून गेले होते. नेरूळच्या पाण्याच्या टेबलापाशी पोचले तर टेबल दुमडून ठेवलेलं. माझ्या दोन्ही बाटल्या रिकाम्या. सारसोळ्याला आयोजकांचं जॅकेट घातलेला एक पोरगा रस्त्यावरचे कोन उचलून एकात एक घालत होता आणि पलीकडे थांबलेल्या रिक्षा, गाड्या हॉर्न मारत पुढे सरकायला लागल्या होत्या. मी ब्रेक दाबला.

तेव्हा ती म्हातारी दोरी ओलांडून रस्त्यात आली आणि गाड्यांसमोर हात आडवा करून त्या पोरावर ओरडली, “ए, ती पोर येते ना आजून! तिला जाऊ दे आदी!” पोरगा म्हणाला, आजी, शर्यत संपली. “तुजी संपली. तिची नाय. आमी इतका येल थांबलो, आजून दोन मिंटं थांबू.”

मी तिच्याजवळ थांबले. तिची पाटी खाली ठेवलेली होती. वर ओलं गोणपाट, त्याच्या कडेला एक चिंबोरी बाहेर यायला बघत होती. नांग्या सुतळीने आवळलेल्या, तोंडाला बारीक फेस. ही जित्राबं जिवंत असेपर्यंतच त्यांना भाव असतो. तिचा माल आमच्यामुळे दोरीमागे अडून राहिला होता आणि ती माझ्यासाठी आणखी अडून राहायला तयार होती.

“घे गो बाय, पानी पी,” म्हणत तिने आपली बाटली पुढे केली. मी प्यायले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, “आजारी होतीस का?” मी म्हटलं, हो आजी, डेंग्यू. “मंग हलू जा. कोन नाय येत तुज्या मागं.” आणि बाजूच्या कोळ्याला सांगून तिने मला पुढे सोडलं. मी वळून पाहिलं तेव्हा गाड्या अजून थांबलेल्या होत्या.

तिथून किल्ल्यापर्यंत घड्याळाकडे मी पाहिलं नाही. नंतर काढून बघितलं, ठोके १३९ होते.

शर्यती आयोजित करणाऱ्यांबद्दल माझी तक्रार फार जुनी आहे आणि मी पहिल्या दहांत येत असतानाही ती होती. कमान, डीजे, ड्रोन, पदकं यांच्यावर पैसे खर्च होतात ते पुढच्या माणसांसाठी. शेवटच्या माणसाला पाणी आणि मोकळा रस्ता हवा असतो, तेवढंच आधी गुंडाळलं जातं. आमच्याकडे हौशी शर्यतींत शुल्क सगळ्यांचं सारखंच असतं. मागच्यांत बहुतेक जण आजारातून उठलेले, पहिल्यांदा आलेले, साठीचे असतात, आणि आठवड्याभराच्या सरावाला त्यांनी पुढच्यांइतकाच जीव लावलेला असतो.

आणि ज्यांचा रस्ता आपण अडवतो त्यांना तर कुणी विचारतच नाही. सारसोळ्याची माणसं भरती-ओहोटीच्या वेळेने कामाला जातात, ती वेळ रोज पुढे सरकते आणि आयोजकांच्या वेळापत्रकात तिला जागा नसते.

मी आयोजकांना पत्र लिहिलं. निकालाबद्दल दोन ओळी, बाकी क्रॉसिंगबद्दल: दर फेरीनंतर सारसोळ्याला पाच मिनिटं रस्ता खुला ठेवा, गावातल्या मच्छीमारांशी आधी बोला, त्या दिवशीची ओहोटी केव्हा आहे ते बघून शर्यतीची वेळ ठरवा, आणि शेवटचा सायकलस्वार येईपर्यंत त्याच्या मागे एक मोटरसायकल ठेवा. उत्तर आलं की पुढच्या वर्षीचे पैसे भरेन. नाही आलं तर त्या रविवारी मी येऊरला असेन.