तुम्ही विचारलंत म्हणून: पंपाला सँडब्लास्टिंग करायचं का?

जुना अमेरिकन पेट्रोल पंप (म्हणजे पेट्रोल भरणारं यंत्र) दुरुस्तीला हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला: "सगळा सँडब्लास्ट करून, म्हणजे जोरात वाळू मारून रंग-गंज उडवून, एकदाचा रंग मारून टाकू का?"

ओतीव लोखंडाच्या तळाला खुशाल करा. दारांना आणि बाजूच्या पत्र्यांना मात्र अजिबात नको. वाळूचा प्रत्येक कण बारीक हातोडीसारखा बसतो, पत्रा एका अंगाने ताणला जातो आणि सपाट दार पोटासारखं फुगतं. अंगठ्याने दाबलं की टक्‌ करून आत जातं, सोडलं की बाहेर. वर कितीही पुट्टी भरा, चकचकीत रंगाखाली तो फुगवटा जास्तच उठून दिसतो. पत्र्यांना रिमूव्हर (रंग सोडवणारं रसायन) लावा आणि रंग ओला असतानाच खरवडा. कोरडा घासलात तर जुन्या रंगातल्या शिशाची धूळ नाकात जाण्याचा धोका आहे.

त्याही आधी मीटर, नळ्या आणि हवा वेगळी करणारी टाकी रिकामी करून बाहेर काढा. वरून कोरड्या दिसल्या तरी आत पेट्रोलची वाफ असू शकते. तोवर ग्राइंडर आणि वेल्डिंग बंद.

गंजलेल्या लहान लोखंडी भागांना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे पाण्यात बुडवून विजेने गंज काढणं, उत्तम. लिटरभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा चार्जर, वजा टोक भागाला, अधिक टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला. तिथे स्टेनलेस लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम उघड्यावरच. जस्ताच्या ओतीव पट्ट्या आणि अ‍ॅल्युमिनियम यात बुडवलंत तर खराब झालंच समजा.

खरी कसोटी आतल्या 'कॉम्प्युटर'ची, म्हणजे 1930च्या दशकापासून आलेल्या, रक्कम आणि गॅलन मोजणाऱ्या दातेरी यंत्राची. (1970च्या दशकाअखेर गॅलन डॉलरपार गेला, तेव्हा 99.9 सेंटच्या वर न जाणाऱ्या या यंत्रांवर अर्धा दर लावून पैसे दुप्पट घेत.) चाकं अडली तर जोर लावू नका, जुनं तेल डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. दातऱ्यांवर ब्रशने रॉकेल लावून रात्रभर ठेवा, मग पातळ मशीन ऑइलचे दोन थेंब. ग्रीस नको, धूळ धरून ठेवतं. आकड्यांच्या चाकांना थिनर लागू देऊ नका, छापलेले आकडे पुसले जातात.

रंगापूर्वी दारं एकदा कोरडीच बसवून बिजागऱ्या आणि कुलूप जुळवा. इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) त्यानंतर.