बाइकवरून गायकवाडीच्या किनाऱ्याला

बडोद्यातल्या मराठी घरांत समुद्र म्हटला की कोकण. मे महिन्यात गाडी काढायची, वापीपासून मुंबईपर्यंत ट्रॅफिकमध्ये भाजून निघायचं आणि मग पुढे दापोली नाहीतर गणपतीपुळे. सौराष्ट्राच्या किनाऱ्याला जाऊन आलो म्हटलं की दांडिया बाजारात हमखास प्रश्न येतो, "सोमनाथ-द्वारका झालं का?" म्हणजे फक्त देवदर्शन. देशातला सगळ्यात लांब किनारा आपल्या राज्याला आहे, आणि आपण तो दोन देवळांपुरता ओळखतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

माझा नवरा पुण्याचा. लांबच्या बाइक ट्रिपचं ठरलं तेव्हा त्याने रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी रस्ता, मधल्या फेरीबोटी, कुठल्या गावात मासे खायचे, सगळं लिहून तयार ठेवलं होतं. "गुजरातचा समुद्र म्हणजे चिखल आणि मिठागरं," हे त्याचं ठाम मत. खंभातच्या आखातापुरतं ते खरंही आहे. पण महुवा सोडलं की पाण्याचा रंग बदलत जातो, हे त्याला सांगून पटणार नव्हतं.

मग मी एक केलं. किनाऱ्याचा मोठा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि प्रत्येक गावापुढे 1947 च्या आधी तिथे कुणाचं राज्य होतं ते पेन्सिलीने लिहीत गेले. भावनगर गोहिलांचं. जाफराबाद जंजिऱ्याच्या सिद्दीचं. ऊना जुनागढच्या नवाबाचं. दीव पोर्तुगीजांचं, तेही 1961 च्या डिसेंबरपर्यंत. कोडिनार आपल्या बडोद्याच्या गायकवाडांचं. वेरावळ-सोमनाथ परत नवाबाचं. पोरबंदर जेठवांचं. आणि अगदी टोकाचं ओखामंडळ, द्वारकेसकट, पुन्हा गायकवाडांचं. जंजिऱ्याचं नाव वाचल्यावर नवरा खुर्ची ओढून नकाशाजवळ आला. "म्हणजे आपला मुरुडवाला सिद्दी?" तोच. तिथेच ट्रिप ठरली.

ठरवतानाची एक गोष्ट मात्र कुणीही करणार असाल तर लक्षात ठेवा. भावनगरहून दीव, तिथून द्वारका, याच दिशेने जा. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, आणि या दिशेने समुद्र सतत डाव्या हाताला राहतो. उलट गेलात की तुमच्या आणि पाण्याच्या मध्ये समोरून येणारे ट्रक. महिना दिवाळीनंतरचा, फेब्रुवारीपर्यंतचा. दिवाळीच्या सुट्टीत चुकूनही नको, तेव्हा दीवला अख्खा गुजरात उतरलेला असतो.

आम्ही जानेवारीत निघालो. त्याची हिमालयन, माझी क्लासिक 350. तारापूर-वटामण झालं की भाल सुरू होतो. सपाट, खारट जमीन, त्यावर पावसाच्या उरलेल्या ओलीवर येणारा भालिया गहू, आणि आडवा वारा. वेळावदरच्या आसपास काळवीट दिसतात, पण बाइकवाल्याने लक्ष ठेवायचं ते रोझांवर, म्हणजे नीलगाईंवर. त्या रस्ता ओलांडताना कुणाची वाट बघत नाहीत.

भावनगरात फक्त झोपलो. दुसऱ्या दिवशी तळाजाच्या अलीकडे अलंगचा फाटा घेतला. 1983 पासून तिथे जहाजं मोडतात. भरती-ओहोटीतलं अंतर इतकं मोठं की भरतीला जहाज सरळ किनाऱ्यावर चढवता येतं, मग ओहोटीला ते कोरड्यावर. यार्डात परवानगीशिवाय सोडत नाहीत, पण त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दुकानं पाहणं हाच एक प्रवास आहे. नारिंगी लाइफबोटी, गाद्यांचे ढीग, स्टीलच्या आख्ख्या स्वयंपाकघरांची सिंकं, कुठल्यातरी भाषेतल्या पाट्या. मी दोन जाड पांढरे कप घेतले. बुडाशी रुंद, बोट हलली तरी कलंडू नयेत म्हणून.

महुव्याला कांद्याचा वास गावाच्या आधी येतो. तिथून ऊन्यापर्यंतच्या हायवेबद्दल मला रागच आहे. चौपदरीकरणाच्या नावाने जागोजागी डायव्हर्जन, धुळीत पुढचा दिसत नाही, आणि खडीवर दुचाकीचं काय होतं याचा विचार कुणी केलेलाच नाही. जाफराबादला सुकत घातलेले बोंबील पाहिल्यावर नवऱ्याचा चेहरा उजळला, एवढाच त्या दिवसाचा आनंद. दीव सुंदर आहे, किल्ला तर फारच, पण आमच्या हॉटेलात गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे पैसे लावले आणि रात्रभर खालच्या बारमधला गोंगाट. एका रात्रीत निघालो.

आणि मग कोडिनार.

हायवे सोडून मूळ द्वारका नावाच्या जवळच्या गावाच्या बाजूला (टोकाची द्वारका वेगळी) समुद्र पाहायला वळलो होतो. ऊस, भुईमूग, मधूनमधून नारळ. दीवच्या वाळूने माझी चेन कुरकुरत होती, म्हणून एका वाडीच्या फाटकाशी गाडी स्टँडवर लावून चेनला तेल सोडत बसले. ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या एक बा उठून पाण्याचा लोटा घेऊन आल्या. ऐंशीच्या पुढच्या असतील. माझं हेल्मेट उचलून वजन पाहिलं आणि विचारलं, "क्यांथी आवो छो?"

"वडोदराथी."

त्या घराकडे वळून ओरडल्या, "ए सांभळो, गायकवाडीमांथी मे'मान आव्यां छे!"

मी बडोद्यात वाढले. काळ्या घोड्यापाशी सयाजीराव महाराजांच्या पुतळ्याला वळसा घालून कॉलेजला गेले, त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात शिकले. पण 'गायकवाडी' हा शब्द चालू वर्तमानकाळात, कुणाच्या तोंडून हाक मारावी तसा मी पहिल्यांदा ऐकला. बडोदा संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. त्यांच्या लेखी ते अजून पलीकडच्या गावी होतं.

नवऱ्याला ओसरीवर खाट मिळाली, मला आत स्वयंपाकघरात नेलं. सून रोटले करत होती. आपण भाकरी परातीत थापतो. ही बाजरीचा गोळा दोन तळव्यांमध्येच फिरवत होती, टप टप टप, बांगड्या मनगटावर मागेपुढे, आणि प्रत्येक थापेला रोटला बोटभर रुंद. कडेला एक भेग नाही. मग तो मातीच्या तावडीवर. उतरवल्यावर तिने बोटांनी त्याला खड्डे पाडले आणि त्यात तूप ओतलं. वांग्याचा ओळो, लसणाची चटणी, ताक. "थोडंच वाढा" या वाक्याला काठियावाडात काही अर्थ नाही.

बा शेजारी बसून बोलत होत्या. त्यांची आई शिकलेली होती. गायकवाडीत मुलीला शाळेत पाठवलं नाही तर बापाला दंड व्हायचा, म्हणून आजोबांनी कुरकुरत का होईना पाठवलं. मावशी मात्र लग्न होऊन पलीकडे नवाबीत गेली. कोडिनार तालुक्याभोवती सगळा जुनागढचाच मुलूख. मावशी माहेरी यायची तेव्हा पदरात सासरच्या अख्ख्या गावाची पत्रं बांधून आणायची. बांची आई ओसरीवर बसून एकेक वाचून दाखवायची, उत्तरं लिहायची, आणि मावशी कुणाचं काय ते तोंडपाठ करून परत न्यायची. "मारी बा आखा गामनी टपाल," बा म्हणाल्या.

महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं, हे मी शाळेत परीक्षेसाठी घोकलं होतं. कोडिनार अमरेली प्रांतातच होतं, हेही नकाशावर मीच पेन्सिलीने लिहिलं होतं. पण त्या कायद्याने वाचायला शिकलेल्या बाईची लेक माझ्या ताटात तूप ओतत होती, आणि मला घास गिळवेना. सुनेला वाटलं चटणी झोंबली. तिने आणखी ताक वाढलं.

निघताना नवऱ्याने पैसे पुढे केले, तर बा खरंच रागावल्या. "तमे तो घरनां." वर गुळाची एक ढेप फडक्यात बांधून माझ्या टँक बॅगेत कोंबली. दीवचं हॉटेल आणि ही ओसरी यांत जेमतेम तासा-दीड तासाचं अंतर असेल.

पुढचं थोडक्यात सांगते. सोमनाथला रांग लांब, फोन बाहेर ठेवावा लागतो, रायडिंग जॅकेटं सांभाळायची कुठे हा मोठा प्रश्न. अहिल्याबाई होळकरांनी 1783 मध्ये बांधलेलं जुनं सोमनाथ मंदिर जवळच आहे. तिथे शांतता होती, आम्ही तिथेच जास्त वेळ बसलो. मांगरोळच्या पुढे माधवपूरला रस्ता अक्षरशः समुद्राला चिकटतो. मी झाडून सगळे रस्ते आठवून सांगते, बाइकवर इतकं उघडं पाणी मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. कृष्ण-रुक्मिणीचं लग्न इथे झालं असं मानतात, रामनवमीपासून मोठी जत्रा भरते. विदर्भातून निघालेली मुलगी इतक्या लांब आली, याचं नवऱ्याला फार कौतुक. ओख्याच्या बंदरावर आम्ही दोघं बराच वेळ उभे होतो. तेही बडोदा संस्थानाच्या काळातच उभं राहिलेलं. परतीला जामनगर-राजकोट, सरळ हायवे, सांगण्यासारखं काही नाही.

आता पुढची ट्रिप किनारा सोडून आतल्या गायकवाडीची करायची आहे: दामनगर, अमरेली, धारी आणि गीरच्या कडेने खाली पुन्हा कोडिनार. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांतले पणजोबा त्या बाजूला वहिवटदार, फौजदार, मास्तर म्हणून बदलीवर गेलेले आहेत. तुमच्या घरात तसं कुणी असेल, जुनं पत्र किंवा नुसतं गावाचं नाव जरी माहीत असेल, तर मला जरूर कळवा. रस्ता मी त्या गावांवरूनच आखणार आहे.