संकष्टीनंतरचा डोंगर

रात्री डोंगर चढायचा म्हटलं की बेळगावात कुणीतरी हमखास म्हणतं, "पुनवेला जाऊया की!" कोजागरीचं दूध आटवत बसायचं असेल तर ठीक. पण माथ्यावरून सूर्योदय बघायचा असेल तर पुनव फसवी. तिचा चंद्र मध्यरात्री डोक्यावर असतो आणि आपण चढायला लागतो तेव्हा पश्चिमेला उतरलेला. पूर्वेची वाट धरली तर डोंगरच त्याच्या आड येतो आणि आपण काळोखात. त्यापेक्षा संकष्टीपासून पुढचे चार दिवस धरावेत. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो. संकष्टीला नऊच्या आसपास, वद्य अष्टमीला मध्यरात्रीकडे. पहाटे चारला तो चांगला वर असतो. त्यासाठी अॅप नको. घरात ज्यांचा उपास असतो त्यांना चंद्रोदय तोंडपाठ असतो.

निघायची वेळ मात्र उलटी मोजायची. जानेवारीत इथं सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पूर्व त्याच्या पाऊण तास आधी रंगायला लागते. म्हणजे सव्वासहाला माथा. सपाटीला तासाला 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा, हा जुना हिशेब. वाट 3 किलोमीटर आणि चढ 300 मीटर असेल तर 36 अधिक 30, म्हणजे 66 मिनिटं. रात्रीसाठी दीडपट धरा: शंभर मिनिटं. साडेचारला पहिलं पाऊल पुरे. उत्साहाच्या भरात दोनला निघणारे चारला वर पोचतात आणि दोन तास ओल्या बनियनवर वारा खात बसतात. रात्रीची चढाई फसते ती बहुतेक अशीच.

घाम हा खरा वैरी. सुती कपडा भिजला की वाळता वाळत नाही. कोरडा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यायचा आणि वर पोचल्यावर आधी तो बदलायचा, फोटो मग. वर थंडी नि खाली ऊब, असंही नेहमी नसतं. वारा पडलेल्या निरभ्र रात्री गार हवा जड होऊन उतारावरून घरंगळते आणि ओढ्याकाठी साचते. त्यामुळे पायथ्याशी दात वाजतात, तिथं स्वेटर चढवला जातो आणि पाव तासात आतून आंघोळ होते. थोडं गार वाटत असतानाच चालायला लागावं.

आता बॅटरी. डोक्याला बांधायचा दिवा हवाच, हात मोकळे राहतात. पण त्याचा उजेड डोळ्याच्याच रेषेतून जातो, म्हणून दगडांच्या सावल्या दिसत नाहीत आणि वाट सपाट वाटते. हातातली बॅटरी कमरेशी धरली की प्रत्येक खाच-खळगा उठून दिसतो. मग डोक्यावरचा कशाला? चमकणाऱ्या डोळ्यांसाठी. वाटेवर बसलेल्या रातवा पक्ष्याचे तांबूस डोळे, गवतातल्या कोळ्यांचे टिकलीएवढे ठिपके, हे त्याच उजेडात सापडतं. दोन्ही असावेत. आणि अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, कुणी "आलास काय रे?" म्हणत तोंडावर झोत मारला की ती कमाई गेली. हाक मारणाऱ्यानं दिवा खाली करावा, एवढी शिस्त पहिल्याच चहाला ठरवून टाकायची.

आपल्याकडची वाट बऱ्याच ठिकाणी जांभ्याची. त्यावरचे लाल खडे गोट्यांसारखे फिरतात. चढताना फारसं जाणवत नाही. उतरताना टाच टेकली की पाय गेलाच. गुडघे किंचित वाकवून आखूड पावलं टाकायची. दगडावर बसण्याआधी उजेड टाकायचा आणि खोबणीत हात घालायचा नाही. फुरसं आणि मण्यार, दोन्ही रात्रीची हिंडणारी.

पहिल्यांदा निघालेल्यांनी राजहंसगडाचा डांबरी रस्ता धरावा, येळ्ळूरमध्ये आधी चौकशी करून. सराव झाला की सीमा ओलांडून चंदगड तालुक्यातलं देवरवाडीचं वैजनाथ आणि वरचा महिपाळगड. गडावर गाव आहे, तेव्हा घरांपाशी आवाज खाली. खानापूरकडचं भीमगडाचं जंगल अभयारण्यात आहे. तिथं अस्वलं आणि गवे आहेत, रात्र त्यांची. हट्ट करू नये.

चालताना सगळ्यात हळू चालणारा दुसऱ्या नंबरावर, वाट माहीत असलेला पुढं, दमदार गडी शेवटी. माणशी 2 लिटर पाणी. गारव्यात तहान कळत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाला दोन घोट सक्तीचे. भडंगाची पिशवी मात्र शेवटच्याकडेच द्यावी. मग पुढचे फार लांब पळत नाहीत.