‘एआय नाही’ असं लिहिण्याआधी

माझ्या खेळाच्या पुस्तकाची अडतीस पानांची पीडीएफ तयार होती. इच.आयओ या खेळ विकायच्या साइटवर चढवताना एका प्रश्नापाशी मी अडले: या कामात जनरेटिव्ह एआयनं केलेलं काही आहे का? ‘हो’ म्हटलं तर पुढे विचारतात, चित्रं, आवाज, मजकूर की कोड. ‘नाही’ म्हटलं तर खेळाला तसा टॅग लागतो, आणि माणसाच्या हातचंच हवं असणाऱ्यांना तो शोधून सापडतो. मी ‘नाही’ दाबणारच होते. मग वाटलं, मला हे नक्की माहीत आहे का?

खेळ आहे चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून खेळायचा. १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हापासून रुळलेली पद्धत: एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. माझ्या खेळात मात्र अहिल्याबाईंच्या काळातले कासीद आहेत, इंदूरहून जाम घाट उतरून महेश्वरला खलिते नेणारे.

एका वहीत सगळं लिहून काढलं. कुठली वस्तू, कुणी केली, कशावर केली.

चित्रं आत्याची. पस्तीस वर्षं इथल्याच शाळेत चित्रकला शिकवून ती निवृत्त झाली. कच्ची चित्रं मागितली तर तिचा चेहरा उतरला. “अगं, माझ्या हातावर विश्वास नाही का तुझा?” मी म्हटलं, आत्या, मला आहे, पण विकत घेणारा तुला ओळखत नाही. मग तिनं पलंगाखालची ट्रंक ओढली. जाम दरवाजातून निघालेल्या घोडेस्वाराचं पेन्सिलचं चित्र होतं. घोड्याचा पुढचा पाय दोनदा खोडून तिसऱ्यांदा काढलेला, कागद तिथे इतका झिजलेला की उजेडात धरला तर आरपार दिसावं. मी सगळ्या कागदांचे फोटो काढून ठेवले.

मजकुराचं वाटलं नव्हतं तेवढं अवघड गेलं. लिहिला मीच, पण शुद्धलेखन मावसभावानं तपासलं होतं. घाटातल्या रात्रीच्या प्रसंगाचे दोन परिच्छेद वाचताना माझा आवाजच ऐकू येईना. त्याला विचारलं, तर त्यानं सरळ सांगितलं, “ताई, वाक्यं जरा अडखळत होती, म्हणून चॅटबॉटकडून नीट करून घेतली.” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, मीही आधी काही सांगितलं नव्हतं. पण मग जुनी फाइल शेजारी ठेवून अडतीसही पानं ओळीनं ताडून पाहावी लागली. दोन रात्री गेल्या. माझी अडखळती वाक्यं परत आली.

फाशांच्या तक्त्यांवर एका मित्रानं शंका काढली, की वाटेत कोण भेटणार हेही यंत्रासारखंच ठरतं ना? मला तसं वाटत नाही. तक्त्यातली वीसही माणसं मी बसून रचली आहेत. फासा फक्त त्यातलं एक निवडतो.

खरा घोळ पानांमागच्या जुन्या कागदाच्या चित्रात निघाला. ते मी एका साइटवरून विकत घेतलं होतं, कुणी बनवलं ते न विचारता. आता मोठं करून पाहिलं तर कडेचे शाईचे डाग मोडीसारखे दिसत होते, पण एकही अक्षर लागेना. कुठल्याच लिपीतलं नव्हतं ते. विकणाऱ्याला लिहिलं, आणि एआयनंच केल्याचं त्यानं कळवलं.

ते काढलं. आजोबांच्या खातेवहीची शेवटची कोरी पानं, वाळवीनं कोपरा खाल्लेली, स्कॅन करून घातली.

एवढा आटापिटा कशाला, असं घरातही विचारून झालं. २०२३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच एका पुस्तकातल्या चित्रांत चित्रकारानं एआय वापरल्याचं वाचकांनी ओळखलं, तेव्हा कंपनी म्हणाली, आम्हाला ठाऊक नव्हतं. नंतर तिनं चित्रकारांसाठीचे नियम कडक केले. एवढ्या मोठ्या कंपनीला ठाऊक नसतं, तर माझ्या ‘नाही’वर कुणी का विश्वास ठेवावा? मला तो ठेवण्याजोगा हवा होता. माझ्या पुस्तकाशेजारी ज्यांची पुस्तकं असतात, ते बहुतेक एकेकट्यानं लिहिणारे, हातानं चित्रं काढणारे लोक आहेत. त्यांच्या रांगेत उभं राहायचं तर विचारपूस करूनच.

श्रेयाच्या पानावर आता ‘कागद: आजोबांची खातेवही’ असंही लिहिलंय. आत्याला दाखवलं तर म्हणाली, मग तो खोडलेला घोडाही घाल. एकोणचाळिसाव्या पानावर घातला आणि मग ‘नाही’ दाबलं.